सुशीलाबाईंचं डांगर

शिडी मी चढलो आणि खालून धरली तिनं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. पत्र्यावरचं डांगर उतरवलं. शिकलेली माणसं त्याला लाल भोपळा म्हणतात, पण आमच्या नाशकात ते डांगरच. सुशीलाला तर कुणी भोपळा म्हटलेलं चालायचं नाही. म्हणायची, भोपळा परीक्षेत मिळतो, डांगर देव देतो.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटायला लागलं होतं. सातपूरच्या कारखान्यांचा भोंगा वाजून गेला होता आणि वस्तीतली तरणी माणसं मोटारसायकली काढून कामाला निघून गेली होती. राहिलो आम्ही म्हातारे आणि पत्र्यावरचा तो वेल. अर्ध्या वाटेवर मी खाली बघितलं तर बाईसाहेबांचे डोळे मिटलेले, आणि ओठ हलतायत.

मी म्हणालो, "सुशे, डोळे मिटून शिडी धरतात का?"

"मी कुठं धरलीय? त्याला सांगितलंय धरायला."

"मग तू काय करतेस?"

"तो धरतोय का नाही ते बघतेय."

असं बाईमाणूस. मी वर गेलो. देठ लांब ठेवून काप, असं तिनं खालून ओरडून सांगितलं, जसं काय मी आयुष्यात पहिल्यांदाच डांगर कापत होतो. जुन्या साडीत बांधून मी ते हळूहळू खाली सोडलं आणि तिनं दोन्ही हातांनी कवळून घेतलं. ओट्यावर बसून मांडीवर ठेवलं, बोटाच्या पेरानं ठोकलं, कान लावला. पिकलेलं डांगर आतून घुमतं. ती म्हणाली, बोलतंय. मग वर बघून म्हणाली, पानाखाली अजून एक लहानं हाय, ते राहू द्या, पण त्याच्याखाली वीट सरकवा, नायतर पत्र्याच्या तापानं चट्टा पडेल. मी घामाघूम झालो होतो. म्हटलं, उद्या करतो. ती बरं म्हणाली. उद्या चर्चला डांगर न्यायला विसरू नका, एवढं बजावलं, आणि जरा पडते म्हणून आत गेली. मी चहा केला. चहा निवला. ती उठलीच नाही.

यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल मला लिहिता येत नाही. चौथी शिकलेला माणूस आहे मी.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. यंदाही वेल पत्र्यावर गेलाय, पिवळी फुलं पडून गेलीत, आणि पानं वाळायला लागली तशी डांगरं उघडी पडलीत. द्राक्षवाल्यांची छाटणी झालीय, दिंडोरीकडून वारा आला की औषधाचा वास येतो. रूथ, म्हणजे आमची लेक, इगतपुरीला असते, जावई रेल्वेत आहे. तिकडचं भात कापून झालं की ती लोंब्यांची एक पेंढी बांधून आणते. पेंढी घरात आली की ओल्या मातीचा आणि गवताचा वास दोन दिवस जात नाही. त्या वासावरून मला कळतं की हंगामाचा सण आला. कॅलेंडर मी बघत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. आम्ही ख्रिस्ती. आमच्यात या दिवसांत एका रविवारी शेतातलं, परसातलं चांगलं जे निघेल ते देवापुढं नेऊन ठेवतात. चर्चच्या दाराला ऊस बांधतात, केळीचे खांब लावतात. आत गेलं की देवळात आलो का बाजारात, तेच कळत नाही. पेरू, कोथिंबीर, बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, पाय बांधलेल्या कोंबड्या. पाळक उपदेश करतायत आणि टेबलाखाली कोंबडी क्वॉक क्वॉक करतेय. एका वर्षी एक सुटली आणि थेट व्यासपीठावर जाऊन बसली. पाळकांनी तिच्याकडं बघितलं, तिनं पाळकांकडं बघितलं, आणि मग पाळकांनीच उपदेश आवरता घेतला. सुशीला म्हणायची, त्या दिवशीचा उपदेश सगळ्यात चांगला झाला.

उपासना संपली की अंगणात लिलाव. आमचा लिलाव बाजार समितीसारखा नसतो. इथं विकत घ्यायचं ते हरायला घेतात. एक माणूस एका अंड्यावर मोठी बोली लावतो, अंडं घेतो, आणि परत देवाला देऊन टाकतो. मग त्याच अंड्याचा पुन्हा लिलाव. एक अंडं अंगणभर हिंडतं. लिलाव बोलायचा शिमोन. शिमोन आणि मी एकाच कारखान्यात, एकाच शेडमध्ये होतो. मशीनच्या आवाजात जन्म गेला म्हणून त्याला हळू बोलता येत नाही. बायकोशी प्रेमानं बोलला तरी शेजाऱ्यांना भांडण वाटतं.

यात एक रीत आहे, ती लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. मंडळीतल्या घरांचा माल मोठ्या टेबलावर ठेवायचा आणि लिलावात त्या घराचं नाव घेऊन बोलायचं. अमक्या घरची बाजरी, तमक्या घरचा कोंबडा. बाहेरच्या कुणी काही दिलं, दुकानदारानं दिलं, शेजारपाजारच्या हिंदू घरांनी मानानं दिलं, ते बाजूच्या छोट्या टेबलावर. त्याला नाव नाही. ते नुसतं 'दान' म्हणून जातं. आमच्या सासऱ्याच्या काळापासून हे असंच.

आता आमचं भांडण सांगतो.

आमच्याकडं दोन चर्च. खरी नावं सांगत नाही, उगाच कुणाला लागायला नको. आमच्या वस्तीत एकाला दगडी म्हणतात, एकाला पत्र्याची. दगडी मंडळी जुनी. घंटा आहे, बाकं आहेत, उभं कधी राहायचं आणि बसायचं कधी ते ठरलेलं आहे. मी तिथलाच, सुशीलाही तिथलीच. लग्न तिथंच लागलं. आमचं पहिलं लेकरू, शमुवेल, चालायला लागायच्या आधीच तापानं गेलं. तो दगडीच्या कबरस्तानात आहे, सीताफळीच्या झाडाखाली. कबरी साफ करायला गेलो की सुशीला त्याच्या शेजारची जमीन हातानं सपाट करायची आणि म्हणायची, ही माझी जागा. जेवायला बसताना पाट ठेवावा तसं म्हणायची. मला त्याचा राग यायचा. म्हणायचो, आधी जायची घाई कशाला. म्हणायची, घाई नाय हो, नुसती जागा धरून ठेवतेय.

लेकरू गेल्यावर ती सुकली. दगडीत रडायची सोय नाही. बाकावर बसून हुंदका आला तर पुढचा माणूस मागं वळून बघतो. वाईट नाहीत ती माणसं, पण त्यांना वाटतं की देवापुढं नीट बसावं. मग पुढं केव्हातरी पत्र्याची मंडळी आमच्याच वस्तीत सुरू झाली. पत्र्याची शेड, सतरंजी, ढोलकी. शेजारची एक बाई हिला घेऊन गेली. दुपारी घरी आली ती डोळे सुजवून, आणि आल्या आल्या म्हणाली, भाकर वाढा. भूक लागली म्हणाली. कित्येक महिन्यांत तिनं मागून खाल्लं नव्हतं. मी विचारलं काय झालं तिथं. म्हणाली, तिथं पोटभर रडता येतं, आणि कुणी वळून बघत नाय, कारण सगळेच रडतायत.

त्या दिवसापासून पत्र्याची मला आवडली. मी आत कधी गेलो नाही. पण आवडली.

पुढं तिनं तिथला पाण्यातला बाप्तिस्मा घेतला. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर. थंडीचे दिवस होते. मी काठावर तिची कोरडी साडी हातात धरून उभा होतो. ती पाण्यातून वर आली ती हसतच, दात वाजतायत आणि हसतेय. मला आजही तसंच तोंड आठवतं. फोटोतलं तोंड आठवत नाही.

दगडीच्या कमिटीला ते खपलं नाही. त्यांचं म्हणणं, एकदा बाप्तिस्मा झालेला असताना दुसरा घेतला म्हणजे आमचा खोटा ठरवला. तिला मंडळीतून कमी केलं. मी तिथंच उभा राहून म्हणालो, देवानं बाईला दोनदा धुतलं म्हणून ती काय आटली का? त्यांनी मला बसायला सांगितलं. मी बसलो नाही, बाहेर आलो, आणि परत दगडीत उपासनेला गेलो नाही. पत्र्याचीतही नाही. दर रविवारी स्कूटरवर तिला पत्र्याचीपर्यंत सोडायचो आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसायचो. टपरीवाला विचारायचा, काका, तुमचं चर्च कोणतं? मी म्हणायचो, तुझंच.

लोकांना वाटायचं याकोबचा, म्हणजे माझा, विश्वास गेला. विश्वास कुठं जातो? माणूस मशीनवर उभा आहे, पट्टा फिरतोय, एक बोट इकडं झालं तर हात गेला. तिथं रोज कोण सांभाळत होतं मला? कारखान्यात गेटपास लागतो. पास नसला तर वॉचमन आत सोडत नाही, ते बरोबरच आहे. पण ऊन काही पास बघून पडत नाही. कंपाउंडच्या आत आणि बाहेर सारखंच पडतं. मला देवाचं असं दिसतं. याच्यापेक्षा मोठं मला सांगता येत नाही, आणि याच्यापेक्षा लहान मी ऐकून घेत नाही.

फक्त मी तोंडानं प्रार्थना कधी केली नाही. लाजच वाटायची. जेवायच्या आधी ती मोठ्यानं लांबलचक आभार मानायची, त्यात इगतपुरीचा जावई, शेजारच्या मंदावहिनींचं गुडघ्याचं दुखणं, आमची डांगरं, सगळं यायचं आणि भाजी निवायची. तिचं आमेन व्हायच्या आधीच माझा पहिला घास तोंडात. ती म्हणायची, तुमचा देव मुका हाय का? मी म्हणायचो, मुका नाही, तुझ्यापुढं त्याला बोलायला मिळत नाही.

आणि तरी, कमी केल्यावरही, तिचं डांगर दर वर्षी दगडीतच जायचं. पत्र्याचीला दुसरं जायचं, पण सगळ्यात मोठं दगडीला. मी एकदा चिडून विचारलं, ज्यांनी काढलं त्यांनाच कशाला? म्हणाली, लेकरू तिथं हाय. त्याच्या घरी रिकाम्या हातानं कशी जाऊ? सकाळी लवकर जाऊन ती स्वतः डांगर मोठ्या टेबलावर ठेवायची, जशी आधी ठेवायची तशी. तिच्या मनात दुसरं टेबल आलंच नाही. आणि कुणी ते हलवलं नाही. शिमोन शेवटी ते उचलायचा आणि अंगण दणाणून सोडायचा, सुशीलाबाईंचं डांगर! ते नेहमी शेवटीच असायचं. लोक त्याच्यासाठी थांबायचे. खरी बोली तिथंच लागायची.

तर ती गेली त्या शनिवारी संध्याकाळी मी आणि रूथ दगडीच्या सेक्रेटरींकडं गेलो. निवृत्त मास्तर आहेत, माझ्याच वयाचे. बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढला. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं बोलणार नाही. शमुवेलच्या शेजारी जागा द्या, एवढंच मी मागितलं.  ते म्हणाले, याकोब, कबरस्तान सभासदांचं आहे. आज तिला दिली तर उद्या कुणाला नाही म्हणायचं? नियम मी केलेला नाही.

मी म्हणालो, मोडू तर शकता.

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

पत्र्याचीचे पास्टर, पोरगेलेच आहेत, ते घरी येऊन बसलेच होते. ते म्हणाले, काका, आपली जागा आहे शहराबाहेर, टेकडीवर, चांगली जागा आहे, आम्ही सगळं करू. भला माणूस. रूथ म्हणाली, पप्पा, घेऊ या ती जागा, भांडायची आता वेळ आहे का? तिचंही बरोबर होतं. पण मला सारखा तो हात दिसत होता, सीताफळीखाली जमीन सपाट करणारा. मी म्हणालो, टेकडीवर नाही. तिची जागा तिनं धरून ठेवलीय.

रविवारी सकाळी घरात बर्फाची पेटी, पेटीत ती. रूथ उशाशी. आमच्या शेजारच्या मंदावहिनी, दर दिवाळीला आमच्याकडं करंज्या पाठवणाऱ्या, रात्रभर तिच्याजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझ्यापुढं चहा ठेवला. मी ओट्याकडं बघितलं तर डांगर तिथंच. उद्या न्यायला विसरू नका. मी उठलो. रूथनं विचारलं, पप्पा, कुठं? मी म्हणालो, तिचं काम आहे. भांडायला चाललो नव्हतो मी. खरंच नाही. स्कूटरवर पायापाशी डांगर ठेवलं, दोन्ही पावलांनी आवळून धरलं आणि निघालो.

चर्चमध्ये उपासना चालू होती. मी बाहेरच थांबलो. संपल्यावर माल अंगणात आणला, टेबलं मांडली, तेव्हा मी मोठ्या टेबलापाशी गेलो आणि डांगर ठेवलं. लोक बाजूला झाले. बातमी सगळ्यांना कळलेली, जागा नाकारली तेही. बायका पदर तोंडाला लावून उभ्या.  मी फाटकाजवळ जाऊन उभा राहिलो.

लिलाव सुरू झाला. शेंगा गेल्या, पेरू गेले, कोंबड्या गेल्या. शिमोनचा आवाज त्या दिवशी नेहमीसारखा नव्हता, पण चालला होता. शेवटी त्यानं डांगर उचललं. आणि नेहमीच्या सवयीनं, विचार न करता, ओरडला, सुशीलाबाईंचं डांगर!

 एक बोली आली नाही. शिमोन डांगर छातीशी धरून उभा. नाव तिचं घ्यायचं आणि जागा मात्र द्यायची नाही, हे त्याला बहुतेक त्याच वेळी दिसलं. त्यानं पुढ्यातल्या स्टँडवरचा माईक सेक्रेटरींच्या दिशेनं वळवला, जसा काय तो माईकमधून त्यांच्याकडं बोट दाखवत होता, आणि म्हणाला, "साहेब, हे डांगर मी कुणाचं म्हणून विकू?"

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे काय?"

"म्हणजे, ती आपली नसेल तर हे मोठ्या टेबलावर कसं? एवढी वर्षं मी तिचं नाव घेऊन विकतोय. कुणी मला थांबवलं नाही. मागच्या वर्षी तर तुम्हीच घेतलंत. घाऱ्या खाल्ल्या ना त्याच्या?"

सेक्रेटरींच्या मागं त्यांच्या बाई उभ्या होत्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "खाल्ल्या. मीच केल्या होत्या."

कुणीतरी हसलं आणि लगेच रडायला लागलं. मी फाटकाजवळून पुढं आलो. माझं भाषण वगैरे काही ठरलेलं नव्हतं. मला येतही नाही. मी म्हणालो, "डांगर तुमचं असेल तर बाई पण तुमची. बाई तुमची नसेल तर डांगर परत द्या, मी घरी नेतो."

एवढंच. परत द्यायला कुणी पुढं आलं नाही. शिमोननं डांगर आणखी घट्ट धरलं.

दगडीचे पाळक नवीनच बदलून आलेले, शांत माणूस. ते पायरीवर उभे होते. ते म्हणाले, सुशीलाबाई आपल्या नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावा. एकही हात वर गेला नाही. सेक्रेटरी हळूहळू टेबलापाशी आले. मला वाटलं नियम सांगतील. त्यांनी डांगरावर हात ठेवला, तिच्यासारखाच पेरानं ठोकून बघितलं, आणि पहिली बोली त्यांनी लावली. लगेच दुसरी आली. मग तिसरी. घेणारा घ्यायचा आणि परत द्यायचा. ते डांगर त्या दिवशी अंगणातल्या एकूणएक हातांतून फिरलं. म्हाताऱ्या बायकांनी ते मांडीवर घेतलं. लहान पोरींनी देठाला हात लावला. शेवटी ते सेक्रेटरींच्या बाईंकडं राहिलं. मी बघत राहिलो. मला वाटलं, तिची पेटी खांद्यावर घ्यायच्या आधी ही माणसं तिला असंच हातात घेतायत.

सेक्रेटरी माझ्याकडं आले. म्हणाले, कुदळ-फावडं कबरस्तानातच आहे, चल. त्यांनी कोटाची बटणं काढली, कोट शिमोनच्या खांद्यावर टाकला, आणि सीताफळीखाली पहिली कुदळ त्यांनी मारली. दोन-चार घावांत धाप लागली, मग तरण्यांनी घेतली. पण पहिली त्यांची.

दुपारी दोन्ही मंडळ्या कबरस्तानात. दगडीचे लोक पांढऱ्या कपड्यांत, हळू चालत. पत्र्याचीचे ढोलकी घेऊन. वस्तीतले हिंदू शेजारी, कारखान्यातली जुनी माणसं. गाणं एकच, दोघांनाही येणारं, पण दगडीवाले ते संथ म्हणतात आणि पत्र्याचीवाले टाळ्यांवर. पहिल्या कडव्याला दोन गाणी चालली होती. दुसऱ्याला ढोलकी जरा मागं राहिली आणि दगडीवाले जरा पुढं आले. शेवटच्या कडव्याला सगळे एकत्र होते, आणि मी जन्मात ऐकलं नाही असं ते गाणं झालं, ना यांचं ना त्यांचं. पाळकांनी प्रार्थना केली, मग पास्टरांनी केली, मग परत पाळकांना काहीतरी आठवलं. लय वेळ चाललं. सुशीला असती तर तिनं चौथी प्रार्थना स्वतः केली असती. मंदावहिनींनी माती टाकली आणि वर झेंडूची फुलं. त्यांना कुणी विचारलं नाही तुम्ही कोणत्या टेबलावरच्या.

पेटी खाली गेली. शमुवेलच्या शेजारी. रूथ माझ्या दंडाला धरून होती. मला रडू आलं आणि मी रडलो, दगडीच्या कबरस्तानात, मोठ्यानं, पोटभर. कुणी वळून बघितलं नाही. सगळेच रडत होते.

लोक मला विचारतात, आता तुम्ही कुठले? सेक्रेटरी दोनदा घरी येऊन गेले, म्हणाले, परत या. पास्टर तर दर आठवड्याला येतात. मी दोघांना चहा पाजतो. मी सांगतो, मला टपरी बरी. रागानं म्हणत नाही. राग त्या मातीत गेला. मंडळी वाईट नसते, ती माणसांची असते, आणि माणसं नियमापेक्षा मोठी निघू शकतात, हे मी उघड्या डोळ्यांनी बघितलंय. पण देवाजवळ जायला मला दार लागत नाही. तिला दोन-दोन दारं होती, आणि ती दोन्हींतून आरामात येत-जात राहिली, जशी आपल्याच घरात. कुलपं इतरांना दिसायची. तिला नाही.

यंदा डांगर मी मोठ्या टेबलावर ठेवणार आहे. शिमोन म्हणाला, नाव कुणाचं घेऊ? मी म्हणालो, विचारतोस काय? जे घेत आलास तेच.

तिला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर उठलो. रूथ थकून झोपली होती. ताटात झाकून ठेवलेली घारी होती, सेक्रेटरींच्या बाईंनी पाठवलेली, त्याच डांगराची. मी घास घेतला नाही. मागं परसात गेलो. थंडी होती, पत्र्यावर दव होतं, भोंगा अजून व्हायचा होता. पानाखाली ते लहानं डांगर दिसत होतं. मी कोपऱ्यातून एक वीट घेतली, शिडी भिंतीला लावली. खाली धरायला कुणी नव्हतं. मी शिडीवर पाय ठेवला आणि थांबलो. मग जन्मात पहिल्यांदा तोंडानं, मोठ्यानं, शेजारी ऐकतील एवढ्या आवाजात म्हणालो, "देवा, शिडी धर."

आणि वर चढलो.